कामावर निघालेला माणूस वाटेतच गेला, तर मालक जबाबदार असतो का?

२२ एप्रिल २००३. एका साखर कारखान्याचा वॉचमन मोटारसायकल काढून ड्युटीवर निघाला. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. कारखाना पाचेक किलोमीटरवर आला असताना अपघात झाला आणि त्यात तो गेला. मागे बायको, चार मुलं आणि म्हातारी आई राहिली.

घरच्यांनी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, कामगार नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा लावला. तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम बघत होते. २००९ मध्ये त्यांनी दावा मंजूर केला: भरपाई ३,२६,१४० रुपये, त्यावर २२ मे २००३ पासून १२ टक्के व्याज, शिवाय मालकाला भरपाईच्या ५० टक्के दंड. विमा कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. माणूस कारखान्यात पोचलाच नव्हता, अपघात रस्त्यावर झाला, म्हणून तो नोकरीतून उद्भवलेला म्हणता येणार नाही, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ जुलै २०२५ रोजी न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला.

एका प्रश्नाला बावीस वर्षं लागली: तो माणूस त्या क्षणी कामावर होता की नव्हता? हा प्रश्न नीट समजला की मालकाच्या जबाबदारीचा अर्धा कायदा समजतो.

चूक कोणाची, हे इथे विचारतच नाहीत

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा हे जुन्या 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' कायद्याचंच नवं नाव. २०१० पासून त्यात 'कर्मचारी' हा शब्द आला. त्याच्या कलम ३ मध्ये एकच कसोटी आहे. अपघात 'नोकरीतून उद्भवलेला' हवा आणि 'नोकरीच्या ओघात' घडलेला हवा. मालकाने निष्काळजीपणा केला हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. मशीन नवीन होतं, त्यावर संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, लावलेला होता, सुपरवायझर बजावून सांगत होता, अशी मालकाची उत्तरं खरी असली तरी त्याने जबाबदारी टळत नाही.

दोन्ही अटी मात्र हव्यात. 'ओघात' म्हणजे वेळ आणि जागा: तेव्हा तो कामाच्या वेळेत, कामाच्या ठिकाणी होता का? 'उद्भवलेला' म्हणजे कारण: काम आणि इजा यांचा सांधा जुळतो का? ड्युटीवर असताना जुन्या भांडणातून गावातल्या कोणी येऊन मारलं, तर वेळ-जागा जुळते, कारण जुळत नाही. वॉचमनला चोराने मारलं, तर दोन्ही जुळतं, कारण चोराला सामोरं जाणं हेच त्याचं काम.

दारूचा मुद्दा लोक हमखास चुकीचा समजतात. दारू किंवा नशा, सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं, हे तीन बचाव मालकाला आहेत खरे. पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे बचाव कायद्यानेच काढून घेतलेले आहेत. 'तो पिऊन होता' एवढ्या वाक्यावर विधवेला परत पाठवलं जातं, ते कायद्याला धरून नाही. अपघाताचा कामाशी संबंध मात्र तेव्हाही दाखवावाच लागतो.

फाटकाबाहेरचा रस्ता

नोकरी फाटकात सुरू होते आणि फाटकात संपते, हा ढोबळ नियम. पण फाटकाच्या अलीकडे-पलीकडेही नोकरी थोडी पसरते, हे न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केलं. किती पसरते, यावरच सगळा वाद आहे.

१९५८ चा निकाल पोरबंदरजवळच्या मिठागरातल्या कामगारांचा होता. काम संपवून ते खाडी ओलांडायला सार्वजनिक होडीत बसले आणि होडी उलटली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ती होडी कोणीही वापरू शकत होतं. तिथे ते कामगार म्हणून नव्हते, इतर लोकांसारखेच प्रवासी होते. दावा गेला.

मग मुंबईचं बेस्टचं प्रकरण आलं. २० जुलै १९५७ ला जोगेश्वरी डेपोत संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास एका बसचालकाचं काम संपलं. सांताक्रूझला घरी जायला तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. अंधेरीला एर्ला पुलाजवळ घोडबंदर रोडवर एक लॉरी वेडीवाकडी उभी होती, बस तिच्यावर आदळली. तो रस्त्यावर फेकला गेला आणि २६ जुलैला वारला. उच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीच्या बाजूने कौल दिला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायम ठेवला. कारण मोठं व्यवहारी होतं. शहरभर पसरलेली बससेवा वेळेवर चालायची तर चालकाने ठरलेल्या डेपोत वेळेवर हजर व्हायला हवं, आणि त्यासाठीच सेवानियमांत चालकांना बसने मोफत प्रवासाची सोय होती. म्हणजे तो प्रवास सेवेचाच भाग ठरला. तो बसमध्ये बसला तो बेस्टचा चालक म्हणून.

आणि तिसरं, १९९६ चं. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयच्या एका प्रकरणात सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या कामगाराला लॉरीची धडक बसली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. कारखाना एक किलोमीटरवर, पाळी साडेचारची, अपघात सव्वाचारला. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली: रस्ता सार्वजनिक, नोकरी अजून सुरू झालेली नाही. वॉचमनच्या दाव्यात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच विचाराचा आधार घेतला.

अडचण अशी की मधल्या काळात कायदाच बदलला होता. १९९६ च्या निकालाने तयार झालेला खड्डा बुजवायला संसदेने ईएसआय कायद्यात कलम ५१-ई घातलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी परिस्थिती, वेळ आणि जागेच्या दृष्टीने दुवा जुळत असेल तर, नोकरीतूनच उद्भवला असं मानायचं. हे कलम १ जून २०१० पासून लागू झालं. वॉचमनचा अपघात त्याआधी सात वर्षांचा, आणि त्याचा दावा ईएसआयखाली नव्हताच. साखर कारखाना हंगामी कारखान्यांत मोडतो आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन्ही गाठी सोडवल्या. पहिली: कलम ५१-ई नवा हक्क देत नाही, आधीच्या शब्दांचा अर्थ फक्त स्पष्ट करतं, त्यामुळे ते मागच्या अपघातांनाही लागतं. दुसरी: ईएसआय आणि नुकसानभरपाई हे दोन्ही कायदे एकाच हेतूचे, दोघांतले शब्दही तेच, मग 'नोकरीच्या ओघात' याचा एका कायद्यात एक आणि दुसऱ्यात दुसरा अर्थ लावता येणार नाही. पहाटे तीनच्या पाळीचा माणूस त्या वेळी कारखान्याच्या वाटेवर आणखी कशासाठी असेल? दुवा जुळला.

म्हणून वाटेतला प्रत्येक अपघात आपोआप मालकाच्या माथी बसतो असं नाही. दुवा कामगाराच्या बाजूनेच दाखवायचा असतो. पाळीची वेळ आणि अपघाताची वेळ यांत किती अंतर, रस्ता घर-कारखान्याचाच होता का, मध्येच लग्नाला किंवा बाजाराला वळण घेतलं होतं का, हेच विचारलं जातं. ड्युटी सकाळी ९ ची आणि अपघात आदल्या रात्री ११ ला दुसऱ्या तालुक्यात, तर दावा टिकणं कठीण. ड्युटीचा तक्ता, हजेरीपत्रक, त्या दिवशीचे फोन आणि पंचनाम्यातली नेमकी जागा हे कागद इथे सोन्यासारखे आहेत.

पैसे कसे मोजतात

मृत्यू झाला तर मासिक पगाराचा ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच गुणक. गुणक चौथ्या अनुसूचीत वर्षागणिक दिलेला आहे: २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, ६० ला ११७.४१. तरुणपणी जास्त, कारण हरवलेली कमाईची वर्षं जास्त.

वॉचमनची रक्कम याच रीतीने उलगडते. २००३ मध्ये पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त ४,००० रुपये धरत. त्याचे निम्मे २,०००. अनुसूचीत ४७ वर्षांसमोर गुणक १६३.०७. गुणाकार ३,२६,१४०. आयुक्तांच्या आदेशातला आकडा रुपयापर्यंत हाच. निकालपत्रातला आकडा असा स्वतः करून बघावा. वय एका वर्षाने चुकलं तरी हजारोंचा फरक पडतो, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा आधारवरची जन्मतारीख आधी जुळवून घ्यावी.

ही मर्यादा पुढे ८,००० झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. पगार १८,००० असला तरी हिशेब १५,००० वर होतो. कामगार ३० वर्षांचा असेल तर मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. त्याच कामगाराची पॉवर प्रेसखाली एका हाताची दोन बोटं गेली, तर आधी पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढायची: ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. पहिल्या अनुसूचीत दोन बोटांना २० टक्के आहेत, तर ३,७४,३६४ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. चार बोटं गेली तर ५० टक्के. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा वेगळा, तोही मालकानेच द्यायचा.

अनुसूचीतली टक्केवारी हा किमान आकडा आहे, छत नाही. १९७५ च्या एका निकालात सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळ कापावा लागला. मालक म्हणाला, अनुसूचीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी उलट विचारलं: एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही. मग कमाईची ताकद १०० टक्के गेली. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात 'अपंगत्व ४० टक्के' एवढंच लिहून आणून भागत नाही. माणूस काय काम करत होता आणि आता ते काम तो करू शकतो का, हे त्यांच्याकडून स्पष्ट लिहून घ्यायला हवं. प्लंबरचा खांदा आणि कारकुनाचा खांदा कमाईच्या हिशेबात सारखा नसतो.

तात्पुरतं अपंगत्व, म्हणजे हाड मोडून चार महिने घरी, तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. तीन दिवसांत बरी होणारी इजा यात धरत नाहीत.

व्याज आणि दंड

त्याच सुताराच्या निकालात ठरलेली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची: भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या तारखेपासून, आयुक्तांनी निकाल दिल्यापासून नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज सुरू होतं. वॉचमनच्या प्रकरणात व्याज अपघातानंतर बरोबर एका महिन्याने लागलं आहे, ते यामुळे. ३,२६,१४० वर वर्षाचं व्याज ३९,१३७ रुपये होतं. पैसे जमाच झाले नसते, तर २००३ पासून निकालापर्यंत नुसतं व्याज ८ लाख ६८ हजारांच्या आसपास गेलं असतं, मूळ रकमेच्या अडीचपटीहून जास्त. वेळ काढण्याने मालकाचा फायदा होतो, हा समज म्हणून खोटा आहे.

दंड वेगळा. योग्य कारणाशिवाय उशीर केला तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो आणि तो विमा कंपनी भरत नाही. हे १९९७ पासून ठरलेलं आहे. दंड मालकाच्या स्वतःच्या खिशातून जातो. भरपाईची रक्कमच मान्य नसेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी लगेच द्यायची, वाद उरलेल्या भागाबद्दल. पॉलिसी आहे म्हणून निवांत राहणाऱ्या लहान कारखानदाराला हे कोणी सांगतच नाही.

दावा कुठे आणि कसा फसतो

सगळ्यात आधी पगाराची स्लिप बघायची. त्यात ईएसआयची ०.७५ टक्के कपात असेल, तर रस्ता ईएसआय कार्यालयाचा. त्या योजनेतल्या कामगाराला या कायद्याखाली मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

ईएसआय नसेल तर अर्ज आयुक्तांकडे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आणि जिथे ते नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हे काम बघतात. अपघात जिथे झाला तिथेच नाही, तर दावा करणारे जिथे राहतात तिथेही अर्ज चालतो. पुण्यात बांधकामावर मरण पावलेल्या माणसाच्या बायकोला नांदेडहून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. बाजू मांडायला वकीलच हवा असं नाही, युनियनचा पदाधिकारीही उभा राहू शकतो.

प्रकरण बहुधा पहिल्या दिवशीच बिघडतं. कामगाराला दवाखान्यात मुकादम नेतो आणि केसपेपरवर हिस्ट्री लिहिली जाते 'घरी जिन्यावरून पडला'. वर्षभराने उलटतपासणीत तोच कागद पुढे येतो. म्हणून दाखल करताना जागा, वेळ आणि कामाचा प्रकार तिथल्या तिथे लिहून घ्यावा: 'अमुक साइटवर, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून'. एमएलसीची, म्हणजे दवाखाना पोलिसांसाठी करतो ती, नोंद आणि पोलिसांतला जबाब यांत एकच मजकूर हवा.

दुसरी अडचण कंत्राटदाराची. 'तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कलम १२ सांगतं की धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी कंत्राटदार नेमला आणि मूळ मालकाच्या ताब्यातल्या जागेत अपघात झाला, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मग मालकाने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं त्यांनी बघायचं. दाव्यात दोघांनाही आणि विमा कंपनीलाही पक्षकार करावं.

तिसरी, आणि सगळ्यात दुखरी. मयताच्या दिवसकार्यातच मालकाचा माणूस दोन लाख रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन येतो: 'आमची काही तक्रार नाही, सगळं मिटलं.' कायद्यात या कागदाला किंमत नाही. हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई वारसांच्या हातात द्यायचीच नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वारसांना दिली तर ती वजा करता येते. जिवंत कामगाराशी तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. हा नियम मालकाच्याही हिताचा आहे: नोंद नसेल तर त्याला पुन्हा पूर्ण रक्कम भरावी लागू शकते.

हृदयविकाराचा झटका हा प्रकारही वारंवार येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात १९५० च्या दशकात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी घालून दिलेलं सूत्र आजही वापरलं जातं. आजार आधीपासून असला तरी कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर जबाबदारी येते. ताण मात्र पुराव्यात दिसायला हवा: सलग किती पाळ्या, किती किलोमीटर ट्रक, भट्टीपुढे किती तास. 'ड्युटीवर असताना गेला' एवढ्यावर दावे पडलेले आहेत.

उच्च न्यायालय किती लांबपर्यंत बघतं

आयुक्तांच्या आदेशावर अपील ६० दिवसांत उच्च न्यायालयात होतं. मालकाला अपील करायचं असेल तर आदेशाची पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. पगार किती होता, अपघात कुठे झाला हे आयुक्तांनी ठरवलं की ते सहसा तसंच राहतं. त्यामुळे साक्षीपुरावा खालीच पक्का हवा. वर गेल्यावर पगाराची पावती शोधून उपयोग नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कलमांचे आकडे बदलले (वर दिलेले आकडे जुन्या कायद्याचे आहेत), पण ५० आणि ६० टक्क्यांचं सूत्र तेच आहे. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातल्या अपघाताचा नियम आता थेट संहितेच्या मजकुरातच आहे, दुवा दाखवण्याच्या त्याच अटीवर. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतील, आणि त्यांना वॉचमनच्या प्रकरणातला निकाल लागू पडतो. असा प्रवासातला दावा 'रस्त्यावरचा अपघात' म्हणून आयुक्तांनी फेटाळला असेल आणि अपिलाची मुदत अजून शिल्लक असेल, तर निकालाची प्रत घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे किंवा युनियनच्या कार्यालयात जावं.